काटोलचा स्क्रू ड्रायव्हर

वोडकाची बाटली आईनं ज्वारीच्या कोठीत खुपसून ठेवली होती आणि आता ती सापडत नव्हती.

"आई, उजव्या बाजूनं ठेवली म्हणत होती ना तू?" कोपरापर्यंत हात ज्वारीत घालून मी विचारलं.

"उजव्याच बाजूनं ठेवली. पण सकाळी सुधाबाई वाटीभर ज्वारी मागाले आली, तं म्या घाईघाईत कोठी हलवली." आई दाराशी उभी राहून एक डोळा अंगणावर ठेवून होती. "अन् हळू बोल बाप्पा. बाजूच्याले ऐकू जाईन."

"बाजूच्यांना सगळं माहीत असते. त्यांच्या कोठीत बी एखादी असंन."

"सुलू!"

शेवटी बाटली कोठीच्या तळाशी लागली. मी ती बाहेर काढून ओढणीनं पुसली. आदल्या दिवशी नागपूरहून एसटीनं येताना मी तिला दोन कुर्त्यांमध्ये गुंडाळून मांडीवर धरलं होतं, आणि शेजारच्या म्हातारीनं प्रेमानं विचारलं होतं, "काय आहे माय, देवाची मूर्ती?" मी मान हलवली होती. पाप लागलं असेल तर लागो. माझ्या डोक्यात त्या वेळी एकच गोष्ट होती. रविवारी दुपारी वर्तक साहेब घरी येणार, बाबांसमोर मी कॉकटेल बनवणार, आणि बाबा कागदावर सही करणार.

ही दोन हजार दोन सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. नागपुरात हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करून एका मोठ्या हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये दीड वर्ष ट्रे उचलत होते. ट्रे नेता नेता माझं अर्धं लक्ष कायम बारच्या काउंटरकडे असायचं. तिथं वर्तक साहेब उभे असायचे. पन्नाशीचे, टक्कल पडलेले, वसईचे गृहस्थ. त्यांच्या हातांकडे बघत राहावंसं वाटायचं. बाटली उचलण्यात घाई नाही, ग्लास ठेवण्यात आवाज नाही. एकदा त्यांनी मला बघताना पकडलं. रागवायच्या ऐवजी म्हणाले, "दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा या. पाण्यावर शिकवतो." सहा महिने मी पाणी आणि पॅकेटमधला रस घेऊन हात बसवला. मग काउंटरमागची एक जागा रिकामी झाली आणि त्यांनी मालकांना सांगितलं, ही मुलगी घ्या.

मालक म्हणाले, बारमागं मुलगी? आपल्याकडे आजवर उभी राहिली नाही. घ्यायचीच असेल तर तिच्या वडिलांचं संमतिपत्र आणा. वर्तक, तुम्ही स्वतः घरी जा, वडिलांना भेटा आणि तुमच्या डोळ्यांदेखत सही घ्या, नंतर कटकट नको. सोमवारी कागद आला नाही तर रायपूरचा एक मुलगा तयार होताच.

बाबांना मी आधीच्या रविवारी बागेत गाठून विचारलं होतं. आमची काटोलजवळ संत्र्याची बाग. शिवाय बाबा आजूबाजूच्या बागांचा मालही विकून द्यायचे. वामनराव डांगोरेंनी झाडाखाली उभं राहून एक फळ सोललं की बागेचा भाव ठरायचा, असं लोक म्हणत. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. मला वाटलं होतं, आता आभाळ कोसळणार. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, हातातलं संत्रं सोलून अर्धं मला दिलं आणि म्हणाले, "न पाह्यलेल्या मालावर मी सही करत नाही. घरी बनव. माह्यासमोर. तुह्या साहेबाले जेवालेच बोलव."

हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आठ दिवस मला झोप लागली नाही.

काय बनवायचं ते मात्र मी त्याच क्षणी ठरवलं होतं. स्क्रू ड्रायव्हर. वोडका, संत्र्याचा रस आणि बर्फ. मी त्यात अर्ध्या लिंबाचा रस घालून सगळं मिळून हलवत असे, त्यानं चव जरा जागी होते. हॉटेलात रस पॅकेटातून यायचा. इथं तर आमच्या स्वतःच्या बागेतला, आंबिया बहाराचा शेवटचा, गोड झालेला माल. बाबांचीच संत्री बाबांसमोर ग्लासात घालायची. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की विचारू नका.

आता सांगायला लाज वाटते, पण आमच्या घरात संत्र्याचा रस कधी कुणी काढलाच नव्हता. संत्रं सोलायचं आणि खायचं, तेही झाडाखाली उभ्या उभ्या. रस म्हणजे शहरातल्या आजारी माणसांचं पेय. म्हणून सकाळी आठला मी मोठ्या थाटात पंधरा संत्री सोलली, फोडी तशाच मिक्सरमध्ये टाकल्या, गर्रकन फिरवल्या आणि चहाच्या गाळणीनं गाळून घेतल्या. चाखून पाहिलं. साखरेची गरज नव्हती. साहेब आल्यावर धावपळ नको म्हणून रस स्टीलच्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, भरला, झाकण लावलं आणि फ्रिजमध्ये ठेवून दिला. एवढी तयारीची मुलगी वर्तक साहेबांना कुठं मिळणार होती?

सव्वाबाराला वर्तक साहेब आले. पांढरा शर्ट, हातात चामड्याची बॅग, एसटीच्या धुळीनं टक्कल तांबूस झालेलं. बाबा धुतलेलं धोतर आणि कोट घालून ओसरीवर बसले होते. मुलगी बघायला पाहुणे यावेत असं सगळं वातावरण होतं, फक्त पोह्यांच्या जागी वोडका होती.

"या साहेब," बाबा म्हणाले. "प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"छे छे. रस्ताभर संत्र्यांच्या गाड्या बघत आलो."

"आमच्यातल्याच दोन गेल्या सकाळी." बाबांनी त्यांना खुर्ची दिली. "सुलू सांगत होती, तुम्ही काय ते स्क्रू ड्रायव्हर बनवता म्हणे. आमच्याकडं त्याले पेचकस म्हणते."

वर्तक साहेब हसले. "नाव तेच आहे. चमचा मिळाला नाही म्हणून कुणा मजुरांनी पेचकसानंच ढवळलं, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे."

"आमच्या विहिरीची मोटार सुधरवणाऱ्या गणपतनं पाह्यलं तं तो रोज ढवळंन," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले. माझ्या जिवात जरा जीव आला.

स्वयंपाकघरातलं स्टुल ओसरीवर आणून त्यावर मी सगळं मांडलं. दारू मोजायचं माप मी नागपूरहून आणलं होतं. शेकर नव्हता, त्याऐवजी घट्ट फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा होता. बर्फ आईनं फडक्यात बांधून बत्त्यानं फोडून दिला. ग्लासावरून मात्र आमची थोडी जुंपली.

"हे काचेचे नोको," आई कुजबुजली. "यात आपण पाहुण्याले सरबत देतो."

"मग कशात देऊ? स्टीलच्यात? त्यांना रंग दिसला पाह्यजे ना."

"मंग हा घे, टवका गेलेला. नंतर टाकून देऊ."

टवका गेलेला ग्लास नोकरीच्या परीक्षेला! मी मुकाट्यानं चांगला ग्लास उचलला. आई कपाळावर हात मारून आत गेली आणि दाराच्या फटीतून बघत राहिली.

मग मी सुरुवात केली. आज इतकी वर्षं हे काम केल्यावरही त्या दिवसासारखा हात कधी चालला नाही. वोडका मोजली. रस ओतला. लिंबू पिळलं, बी बोटांनी अडवली. बर्फ टाकला, झाकण फिरवलं, आणि डबा खांद्याजवळ धरून असा काही हलवला की अंगणातली कोंबडी पळाली. बाबा टक लावून माझ्या हातांकडे बघत होते. ते माणसाकडे असं बघत नसत, मालाकडे बघत. डबा इतका गार झाला की बोटं चिकटायला लागली, तेव्हा मी थांबले. ग्लासात ओतलं. वर बारीक फेस आला. रंग तर असा की मला वाटलं, आता जगात कुणी मला अडवू शकत नाही.

"घ्या साहेब."

वर्तक साहेबांनी ग्लास उजेडाकडे धरला, मान डोलावली, एक घोट घेतला.

आणि ग्लास खाली ठेवला. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "छान," ते म्हणाले. "हात छान बसलाय."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांचे डोळे त्यांच्यावर होते. तीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांच्या तोंडांकडे बघत माल विकला होता. फोड तोंडात टाकून व्यापारी जर भावाचं न बोलता हवापाण्याचं बोलू लागला, तर सौदा गेला, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"साहेब," बाबा शांतपणे म्हणाले, "तिचा हात नाही विचारला म्या. चव विचारली."

वर्तक साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटत होतं, हे मला दिसलं. "जरासं कडवट लागतंय," ते म्हणाले. "मागाहून. जिभेच्या मुळाशी."

मी ग्लास उचलून घोट घेतला. कडवट? कडूजहर होतं. सकाळी साखरेसारखा असलेला रस हा? वोडका तीच, जी हॉटेलात वापरतो. लिंबाचं सालही पडलं नव्हतं. मग उरलं काय? घाबरलेला माणूस समोर दिसेल त्याच्यावर ढकलतो. मीही तेच केलं.

"संत्रीच कडू असतील," मी म्हणाले.

दारामागं आईनं "अगं माय" म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. वामनराव डांगोरेंच्या ओसरीवर, नागपूरच्या पाहुण्यासमोर, त्यांच्या पोरीनं त्यांचं फळ कडू ठरवलं होतं. गावात कुणी असं बोललं असतं तर बाबांनी त्याला बागेत नेऊन शंभर संत्री खायला लावली असती.

बाबा उठले. माझ्याकडे न बघता आत गेले. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग गंजाच्या झाकणाचा. मी मागं धावले. बाबा रसात करंगळी बुडवून ती जिभेला लावत होते.

"केव्हा काढला?"

"सकाळी. आठला."

"कशात?"

"मिक्सरमध्ये."

"बिया?"

"बिया... गाळणीनं गाळल्या ना बाबा."

"गाळल्या. पण त्याच्याआधी दळल्या." बाबांनी गंज बाजूला सरकवला. "आपला संत्रा तोंडात गोड असते, बाई. पण त्याची बी फुटली, फोडीवरचा पापुद्रा चेंगरला, अन् रस ठेवून देला, तं घंट्या दोन घंट्यांनी त्यातला कडूपणा वर येते. काढता काढता कोणालेच समजत नाही. तू चाखला तवा गोडच होता ना?"

"हो."

"तेच तं." त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि बाह्या वर केल्या. "साहेबाची बस कितीची आहे?"

"अडीचची."

"आता झाले एक. चल. टोपलं घे. धुतलेला पंचा आण. तुह्या आईले सांग, दाराआडून पाहून राहिली तं समोर येऊन पाह्य म्हणावं, काम आहे."

पुढचा पाऊण तास आमच्या ओसरीवर जे चाललं ते आठवलं की अजून माझ्या अंगात वारं भरतं. बाबा मांडी घालून बसले. टोपल्यातून त्यांनी फळं निवडली. दहा उचलायची, बोटांनी दाबायची, त्यातली तीन ठेवायची. "हा नोको. हा अजून आठ दिवस मागते. हा पाह्य, हा आज बोलून राहिला." मी सोलत होते. आई फोडीची आतली कड नखानं चिरून बिया काढत होती, आणि मघाशी दारूसाठी चांगला ग्लास द्यायला तयार नसलेली ती बाई आता वर्तक साहेबांनाच सांगत होती, "अहो, असं नाही. पापुद्रा पूर्ण उलटवा. हं, असं." कारण वर्तक साहेबही बाह्या सरसावून खाली बसले होते.

"पंच्यात धरा अन् हलक्या हातानं दाबा," बाबा म्हणाले. "आपोआप जेवढा येईन तेवढाच घ्याचा. चोथ्याशी भांडाचं नाही. शेवटचा थेंब काढाले गेलं, का कडू आलाच."

"आमच्याकडे तर शेवटच्या थेंबापर्यंत पिळायला शिकवतात," वर्तक साहेब म्हणाले.

"तुमच्याकडं पॅकेट फोडतेत, सुलूनं सांगतलं मले."

वर्तक साहेब हसता हसता मांडीवर थाप मारायला गेले आणि पांढऱ्या पँटवर रसाचे पाच बोटांचे ठसे उमटले. आईनं "अरे बाप्पा" म्हणत ओलं फडकं पुढं केलं. एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पंच्यातून रस अगदी हळू झिरपत होता आणि मला वाटत होतं, हा वाडगा भरेपर्यंत माझं तरुणपण निघून जाणार.

"बाबा, पुरे ना. एवढ्यात होऊन जाईल."

"साहेबाले अर्धा ग्लास देशील?"

मी पुढचं संत्रं सोलायला घेतलं. वाडगा भरला. बाबांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता थांबू नोको. ज्याले द्याचा त्याच्यासमोर काढाचा, अन् लगेच द्याचा. आता तुह्यं काम."

वोडका, रस, लिंबू, बर्फ. डबा हलवताना मी मोठ्यानं हसत होते, का ते माझं मलाच कळत नव्हतं. ग्लास भरून मी वर्तक साहेबांपुढं धरला.

त्यांनी घोट घेतला. मग दुसरा. मग काही न बोलता तिसरा. ग्लास खाली ठेवलाच नाही. बाबा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि अर्धा ग्लास रिकामा झाल्यावर बाबांनी हळूच श्वास सोडला.

"वामनराव," वर्तक साहेब म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी हे बनवतोय. आज पहिल्यांदा प्यायलो असं वाटतंय. हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही तर घेत नाही."

"रसाचं ठाऊक आहे. दारूचं नाही." बाबांनी पंचा पिळून वाळत टाकला. "एक्याऐंशी साली आम्ही पाच जणांनी इथं शेड टाकली होती. रस भराची. बाटल्या आणल्या, बुचं आणली, लेबलं छापली. पह्यली खेप नागपूरले गेली. इथून निघाली तवा गोड होती, तिथं पोचली तवा कडू. सगळी वापस आली."

मी बाबांकडे बघतच राहिले. त्या साली मी दोन वर्षांची होते. घरात कधी कुणी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आईनं मान खाली घातली होती.

"मग?" वर्तक साहेबांनी विचारलं.

"मंग काही नाही. जेवाले बसा, बस आहे तुमची."

वर्तक साहेब जेवले. भराभर, पण मनापासून. हात धुऊन त्यांनी बॅगेतून तो कागद काढला, त्यावर पेन ठेवलं आणि बाबांपुढं सरकवलं. झालं होतं सगळं. रस गोड झाला होता, साहेब खूश होते, बाबा हसले होते. आता एक सही, आणि मंगळवारी मी काउंटरमागं.

बाबांनी चष्मा लावला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला, या वेळी मोठ्यानं. "माझी मुलगी कुमारी सुलक्षणा हिला आपल्या हॉटेलच्या बारमध्ये काम करण्यास मी राजीखुशीने परवानगी देत आहे." त्यांनी चष्म्यावरून वर्तक साहेबांकडे पाहिलं. "साहेब, पोट्टे ठेवता तुम्ही तिथं, त्यायच्या बापाची बी सही घेता का?"

वर्तक साहेब जरा अवघडले. "नाही."

"रायपूरच्या पोट्ट्याच्या बापाची घेतली असती?"

"नसती घेतली."

बाबांनी पेनाला टोपण लावलं. "तं मी नाही करत सही."

आईच्या हातातलं ताट वाजलं. मला असा संताप चढला की आयुष्यात बाबांवर कधी न ओरडलेली मी ओरडले.

"मग हे सगळं कशाला करायला लावलं? मला नाचवायला? साहेबांना साठ किलोमीटर बोलावलं, रस काढला, मी म्हटलं बाबा माझ्या बाजूनं आहेत. द्यायची नव्हती परवानगी तर तेव्हाच बागेत नाही म्हणायचं होतं. फसवलं तुम्ही मला."

"सुलू, बस."

"नाही बसत."

"बरं, उभीच राह्य. पण आयक." बाबांचा आवाज चढला नव्हता. "त्या शेडीले माह्या बापाची परवानगी होती. त्यायनंच देली. जागा त्यायची, संत्रे त्यायचे, शब्द त्यायचा. खेप वापस आली तवा गावातले लोक हसले. आठ दिवस मी त्या शेडीत बसून होतो. एकेक संत्रा घेऊन, बी काढून, पापुद्रा काढून, असा पिळून, तसा पिळून. आठव्या दिवशी मले समजलं. आज तुले सांगतलं ना, तेच. मी धावत घरी आलो, वाटीत रस घेऊन. चार घंटे झाले होते काढून अन् गोडच्या गोड होता. बापानं वाटीले हात नाही लावला. म्हणे, वामन, परवानगी माही होती, म्या वापस घेतली. शेड बंद कर." बाबा थांबले. "अन् म्या केली. काही बोलताच नाही आलं मले. परवानगी ज्याची होती त्यानं नेली."

वर्तक साहेब आपल्या पँटवरचे ठसे बघत होते.

"मी आज परवानगी देली," बाबा म्हणाले, "तं ती माही राहीन. उद्या तुह्या लग्नाचं निघालं, का कोणी चौकात काही बोललं, का मलेच कशाचा राग आला, तं मी वापस घेईन. मी बी त्यायचाच पोरगा आहो, माह्या अंगात बी तेच रक्त आहे. म्हणून ती माह्यापाशी नोकोच. काम तुह्यं आहे. म्या पाह्यलं आज. माल चोख आहे. माह्या सहीनं तो गोड नाही होत."

माझा राग कुठं गेला, मला कळलंच नाही. रडू येत होतं आणि त्याच वेळी अंगात इतकी ताकद आली होती की बाग उचलून डोक्यावर घेतली असती. बाबांपुढून मी कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. खाली लिहिलं होतं, पालकाची सही. त्याच्या खाली, अर्जदाराशी नाते.

"सुलक्षणा," वर्तक साहेब हळूच म्हणाले, "मालक विचारतील."

"विचारू द्या. मी उत्तर देईन."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि मांडीवरची बॅग कागदाखाली टेकायला पुढं केली. मालकांनी तो कागद बारा दिवस अडवून ठेवला, वर्तक साहेब त्यांच्याशी तीनदा भांडले आणि रायपूरच्या मुलाला परत पाठवावं लागलं, हे सगळं पुढचं. त्या क्षणी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी पालकाच्या जागी माझं नाव लिहायला घेतलं, आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, मी स्वतः.

बाबांनी चष्मा सारखा करून वाकून पाहिलं.

"अक्षर मोठं काढ," ते म्हणाले. "मालकाले चष्म्याबिगर वाचता आलं पाह्यजे."